हिंग सांडला का गं? : एका हिरव्या, तिखट, चामडी सेंटची नागपुरी परीक्षा

ऊन_सावली
१९ मे, रात्री १०:१२

मनगटावर दोन थेंब लावले आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "हिंग सांडला का गं?"

सेंटचं नाव बँडिट. रॉबेर पिगे या पॅरिसच्या फॅशनवाल्यासाठी जर्मेन सेलिये नावाच्या बाईंनी १९४४ साली बनवलेला. त्या काळी या धंद्यात बायका जवळजवळ नव्हत्याच. याच बाईंनी पुढे १९४८ मध्ये पिगेसाठीच फ्राका नावाचा निशिगंधाचा सेंट केला. तो कोणालाही आवडेल असा आहे. हा तसा नाही, हे वाचूनच मला खाज सुटली.

अख्खी बाटली घ्यायची ऐपत नाही आणि हिंमतही नाही, म्हणून ऑनलाइन २ मिलीची कुपी मागवली. अल्कोहोल असल्यामुळे असलं पार्सल विमानाने येत नाही, रस्त्याने येतं. आणि मे महिन्यात रस्त्याने नागपूरला येणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आठव्या दिवशी पाकीट हातात पडलं तेव्हा ते नुकत्याच भरलेल्या चहाच्या पेल्याइतकं गरम होतं. एक दिवस कपाटात, साड्यांच्या मागे अंधारात थंड होऊ दिलं आणि मग उघडलं.

पहिली पाच मिनिटं नुसती हिरवी. हिरवी म्हणजे पुदिना, गवती चहा असलं गोडगोजिरं काही डोळ्यांपुढे आणू नका. कच्ची ढोबळी मिरची उभी चिरल्यावर देठाजवळून जो वास येतो ना, तो. मटार सोलून झाल्यावर टरफलं दुपारभर टोपलीत पडून राहिली की येतो, तोही. कडू. मागून लवंग, आणि लवंगेच्या मागे काहीतरी झणझणीत. नाकपुडीच्या टोकाला चावणारं.

दहाव्या मिनिटाला चामडं आलं आणि मी खुर्चीत बसले. मला वाटलं होतं नव्या पर्सचा किंवा गाडीच्या सीटचा वास येईल. आला तो काटोलजवळच्या आजोळचा. पोळ्याच्या आठवडाभर आधी आजोबा बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे चामडी पट्टे खुंटीवरून उतरवायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, तेल पाजायचे आणि ओसरीवर पसरून ठेवायचे. बाहेर पाऊस, आत गोठ्यातला धूर, आणि ते तेल प्यायलेले पट्टे. चाळीस वर्षांत हा वास मला एकदाही आठवला नव्हता. बायकांसाठी म्हणून पॅरिसमध्ये केलेल्या सेंटमध्ये तो कसा जाऊन बसला?

दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुपारी लावून ॲक्टिव्हावर बजाजनगरहून बर्डीला गेले. ४५ डिग्री, वर सनकोट, तोंडाला दुपट्टा, हातमोजे. दुकानात सनकोट काढला तर हिरवं सगळं उडून गेलेलं आणि उरलेला वास विझवलेल्या विडीचा. काउंटरवरची मुलगी अर्धं पाऊल मागे सरकली. मीही सरकले असते, पण हात माझाच होता.

तिसऱ्यांदा रात्री लावला, कूलरसमोर बसून. यंदा आम्ही वाळ्याच्या ताट्या लावल्यात. ताटीवर पाणी पडायला लागलं की पहिला जो वास खोलीत येतो, तो या सेंटच्या तळाशी असलेल्या वाळ्याशी जाऊन असा मिसळला की मनगट कुठे संपतं आणि कूलर कुठे सुरू होतो ते कळेना. ही रात्र मला आवडली.

घरचं मत: नवरा म्हणतो हा जेंट्स सेंट आहे. सासूबाईंनी जवळ येऊन हुंगलं आणि म्हणाल्या, "हा तर चांभाराकडचा वास. देवघराकडे येऊ नको असा हात घेऊन." मी हसले आणि हात धुतला.

आता मला हे सांगा, हिवाळ्यात हा कसा वागेल? आणि याच जातकुळीतलं पण थोडं माणसाळलेलं काही आहे का?

इतवारीकर
१९ मे, रात्री १०:४१

ताई, २ मिलीले किती पडले ते लिहिलं नाही तुम्ही. म्हणजे सांगण्यासारखं नसन. आमच्या इतवारीत हिंग, लवंग, मिरची, दगडफूल सारं एका गल्लीत फुकट हुंगाले भेटते. मसाल्याच्या दुकानासमोर उभं राहाचं, बाजूले चपलेचं दुकान पाहाचं, झाला तुमचा बँडिट. गर्मी तर हायेच.

ऊन_सावली
१९ मे, रात्री १०:४५

४२० रुपये. हसा आता.

इतवारीकर
१९ मे, रात्री १०:४६

आकडाही बराबर निघाला.

फुटाळा_किनारी
१९ मे, रात्री ११:२०

मस्त लिहिलंय ताई. विडीचा वास वाचून खपलो. एक बावळट प्रश्न: यात खरं चामडं असतं का? आमच्या घरी कोणी ना कोणी विचारणारच, म्हणून आधीच विचारून ठेवतो.

निवृत्त_रसायन
२० मे, सकाळी ६:३५

ऊन चढायच्या आत लिहून टाकतो.

आधी तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. चाळीस वर्षं पोरांना लवण-परीक्षा शिकवली, त्यात असं नाक असलेली दोन-तीनच निघाली. त्या पहिल्या कडू हिरव्या वासाचा मालक गॅल्बॅनम. इराणात होणाऱ्या एका झाडाचा हा डिंक. झाडाचा वंश फेरुला. आपला हिंग हाही फेरुलाच्याच दुसऱ्या जातीचा डिंक. सख्खी नसतील पण चुलत भावंडं नक्की. हिंग गंधकामुळे उग्र होतो, गॅल्बॅनममध्ये तो भाग नावापुरताच, तरी तोंडवळा लपत नाही. स्वयंपाकघरातल्या बाईने तो भिंतीपलीकडून ओळखला.

तुमची ढोबळी मिरचीसुद्धा कल्पनेतली नाही. गॅल्बॅनममध्ये पायराझिन जातीचं एक संयुग अगदी नखाएवढं असतं, आणि हेच संयुग ढोबळी मिरचीत असतं. पाण्यात अब्जावा भागसुद्धा नसला तरी माणसाचं नाक ते पकडतं. याच सेलियेबाईंनी १९४७ मध्ये बालमँ या दुसऱ्या फॅशनवाल्यासाठी व्हाँ व्हेर, म्हणजे 'हिरवा वारा', नावाचा सेंट केला, त्यात तर गॅल्बॅनम हात सैल सोडून ओतलं होतं. बाईंना कडू हिरव्याचं वेड होतं.

फुटाळावाले, तुमचा प्रश्न बावळट नाही. चामडं एक कणही नसतं. कातड्याला स्वतःचा असा वास फार थोडा, आपण ज्याला चामड्याचा वास म्हणतो तो ते कमावताना जे जे लावतात त्याचा. तेव्हा सेंटवाले चामडं नाही घालत, कमावण्याची नक्कल करतात. जुनी रीत म्हणजे बर्चच्या सालीचं डांबर. आपलं भूर्जपत्र ज्या झाडाचं, त्याच्याच भाऊबंदांपैकी हे झाड. रशियात पाणी आणि कीड लागू नये म्हणून कातड्याला हे तेल चोळायचे. त्यावरून 'रशियन लेदर' नावाचा सेंटचा सगळा गोतावळा निघाला.

बँडिटमध्ये मात्र मुख्य काम आयसोब्युटिल क्विनोलिनचं, प्रयोगशाळेतल्या रेणूचं. याची गंमत अशी की हा एकटाच कडू-हिरवाही आहे आणि चामडीही. म्हणून तुम्हाला दहाव्या मिनिटाला 'आता चामडं आलं' असं वाटलं. खरं तर ते पहिल्या मिनिटापासून तिथेच होतं. मिरची समोरून उठून गेली तेव्हा मागे बसलेलं दिसलं, एवढंच.

४५ डिग्रीत विडी का झाली, तर वरचे हलके रेणू तुम्ही शंकरनगर चौकात पोचायच्या आधीच उडाले आणि जड तेवढे राहिले. कोरड्या हवेत नाकही कोरडं पडतं. कूलरपुढे हवा थंड आणि दमट, त्यामुळे तिथे सगळं सावकाश उलगडलं. तुमची तिसरी परीक्षा हीच खरी परीक्षा. दुसरी ही छळवणूक.

मनगटं एकमेकांवर घासू नका. दुकानात वासाने नाक थकलं की कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्यापेक्षा स्वतःच्या बाहीत नाक खुपसा. कुपी कपाटातच ठेवा, खिडकीत नको.

ऊन_सावली
२० मे, सकाळी ८:०२

सर, दंडवत. सासूबाईंना पहिला परिच्छेद वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. आता दिवसभर माझं काही खरं नाही.

वाळा_पन्हं
२० मे, सकाळी ११:१५

माणसाळलेलं हवं असेल तर आरामिस बघा. बर्नार शाँ या माणसाचा, साठच्या दशकातला. त्याने आधी १९५९ मध्ये काबोशार नावाचा बायकांचा चामडी सेंट केला होता, पुढे जवळपास तोच सांगाडा पुरुषांच्या बाटलीत भरला. म्हणजे जेंट्स की लेडीज हा प्रश्न बाटलीच्या झाकणापुरता असतो, हे नवऱ्याला सांगा. दुसरा पोलो, १९७८ चा, कार्लोस बेनाईमचा, हिरव्या बाटलीतला. त्यात पाइनचा पाला, मसाले, तंबाखू आणि खाली चामडं. नावात पोलो असलेल्या बाकीच्या रंगांच्या बाटल्यांच्या नादी लागू नका, तो वेगळा माल आहे.

आमच्या मोठ्या काकांकडे ती हिरवी बाटली होती. लग्नाला निघताना मारायचे आणि गाडीत सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी.

फाया_कानात
२० मे, दुपारी ३:५०

अत्तरवाल्यांकडून कोणी बोलेना म्हणून मी येतो.

तुम्ही ज्याला नवल म्हणताय ते आपल्याकडे फार जुनं आहे. कनौजला डेग-भपक्यावर, म्हणजे अत्तर गाळायच्या भांड्यांवर, अत्तर निघालं की ते कुप्पीत भरून ठेवायची रीत. कुप्पी म्हणजे उंटाच्या कातड्याची बाटली. काच आणि कातड्यात फरक हा की कातडं श्वास घेतं. अत्तरात राहिलेला पाण्याचा अंश कुप्पीच्या अंगातून बाहेर पडतो, तेल आत राहतं, मुरतं. म्हणजे फ्रान्सवाल्यांनी सुगंधात चामडं घातलं, आपण चामड्यात सुगंध घातला.

आणि इतवारीकर, तुम्ही थट्टेत दगडफूल म्हणून गेलात, पण बाण बरोबर लागलाय. बँडिटसारख्या सेंटच्या तळाशी ओकमॉस असतो. नावात मॉस असलं तरी ते शेवाळ नाही, झाडावर वाढणारं लायकेन आहे. सावजी मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच. उत्तरेकडे त्याला छडीला म्हणतात, आणि कनौजला शमामा नावाचं जे तिखट, मसालेदार, गरम अत्तर करतात, त्यात ते पडतं. युरोपात मात्र ओकमॉसने काही लोकांच्या कातडीला त्रास होतो म्हणून त्यातल्या दोन घटकांवर २०१७ मध्ये बंदीचा नियम झाला. त्यामुळे आजचा बँडिट हा आजीबाईंचा बँडिट नाही. दात काढलेला आहे.

ताई, हिवाळ्यापर्यंत थांबा आणि तोवर ताजबागकडे जाऊन शमामा हुंगून या. कापसाचा फाया कानाच्या पाळीत ठेवायचा. अल्कोहोल नाही, त्यामुळे ऊन त्याला पळवून लावत नाही. फक्त 'शुद्ध चंदनाच्या तेलातलं' असं म्हणून कोणी दोनशे रुपयांत देत असेल तर चहा घ्या आणि परत या. चंदनाच्या तेलाचा भाव त्याला माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही असं त्याला वाटतंय.

इतवारीकर
२० मे, दुपारी ४:०५

म्हणजे माझ्या मसाल्याच्या गल्लीत पॅरिस हाय. मी आधीच म्हणून राहिलो होतो. पन कोणी ऐकते का.

आरी_रापी
२१ मे, रात्री ११:५८

एरवी नुसता वाचून जातो. हा धागा दोन दिवस बघतोय, आज लिहितो.

माझ्या वडिलांनी बर्डीवर ३५ वर्षं जोडे शिवले. आमचं घर तुमच्या सासूबाई म्हणाल्या त्याच वासाचं. म्हणून आधी त्यांचं चुकतंय ते सांगतो. सरांनी हिंगाचं श्रेय दिलं ते बरोबर, पण चांभाराकडचा वास हा नव्हे.

आमच्याकडचा वास सोल्यूशनचा, म्हणजे तळ चिकटवायच्या गोंदाचा. डबा उघडला की डोकं धरतं असं ते. दुसरा मेणाचा, दोऱ्याला ओढून ओढून लावतात त्या. तिसरा कुंडीतल्या पाण्याचा, ज्यात कातडं नरम व्हायला ठेवतात. दोन दिवसांचं पाणी असलं तर मलाही नको होतो. आता येणारं बहुतेक कातडं क्रोमवर कमावलेलं. कारखान्यातून ओलं निघतं तेव्हा ते निळसर दिसतं, फोटो बघा. त्यावर रंग, तेल, पॉलिश चढतं. त्या कातड्याला तुम्ही म्हणता तसा वास नाही.

खरा वास बाभळीचा. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, कोल्हापुरीला लागतं ते. त्याला महिना-महिना जातो. रंग विटकरी. नवीन असताना तुरट वास येतो, जिभेला सुपारी लागावी तसा नाकाला. तुमच्या आजोबांचे घुंगरांचे पट्टे असेच असणार. ते कोणीतरी कमावले होते आणि कोणीतरी शिवले होते. पोळ्याला तेल पाजणं हे त्याच्या नंतरचं.

शाळेत माझ्या दप्तराला वास येतो म्हणून एक मुलगा बाक सोडून उठला. दप्तर वडिलांनी उरलेल्या तुकड्यांचं शिवून दिलं होतं, हाताने, दुहेरी टाका. बाईंनी त्याला उठल्याबद्दल काही म्हटलं नाही, मला खिडकीजवळ बसवलं. वडिलांचं गिऱ्हाईक पैसे हातात नाही द्यायचं, गोणपाटावर टाकायचं. सगळं नाही, पण बरंच. मी स्वतः कॉलेजात असताना पहिल्या कमाईतून डिओ घेतला तो घरचा वास जावा म्हणून.

आणि आता तोच वास कोणीतरी २ मिलीला ४२० रुपये देऊन अंगाला लावतंय. तुम्हाला दोष देत नाही ताई, तुम्ही छान लिहिलंय, आणि जे घरात बोललं गेलं ते लपवलं नाहीत. पण "मी हसले आणि हात धुतला" हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

फुटाळा_किनारी
२२ मे, सकाळी ७:३०

वाचलं. काय लिहावं कळत नाही, पण वाचलं हे सांगावंसं वाटलं.

विदर्भ_एक्सप्रेस
२२ मे, सकाळी ९:१०

सेंटच्या धाग्यावर हे विषय कशाला? म्हाताऱ्या माणसाची बोलण्याची पद्धत असते, एवढं काय धरून बसायचं.

इतवारीकर
२२ मे, सकाळी ९:२२

एक्सप्रेस भाऊ, धागा वासाचा हाय. कोणाच्या वासाले कोण नाक मुरडते हे नाही लिहाचं तं काय बाटलीच्या झाकणावर लिहाचं? तुमचं स्टेशन आलं, उतरा.

निवृत्त_रसायन
२२ मे, सकाळी १०:४०

आरी_रापी, कमावण्याबद्दल मी पुस्तकातून लिहिलं, तुम्ही हातातून लिहिलंत. कुंडीचं पाणी माझ्या लक्षातच आलं नसतं.

एक गोष्ट भर म्हणून देतो. फ्रान्समध्ये ग्रास नावाचं गाव आज सुगंधाची पेठ म्हणून मिरवतं. ते गाव आधी चामडं कमावणाऱ्यांचं होतं. हातमोजे करायचे, आणि मोज्यांना कुंडीचा वास यायचा, तुम्ही म्हणता तोच. दरबारातल्या मंडळींना तो सहन होईना, म्हणून मोज्यांना जाई, मोगरा, संत्र्याची फुलं यांचे वास चढवायला लागले. सतराव्या शतकात तिथे हातमोजेवाले आणि सुगंधवाले यांचा धंदा एकच धरला जाई. हळूहळू मोजे मागे पडले, वास उरला, आणि कातडं कमावणारे कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. मग तीनशे वर्षांनी त्याच धंद्यातल्या मंडळींनी बाटलीत चामड्याचा वास भरून विकायला काढला. आधी झाकायचे पैसे घेतले, नंतर उघडायचे.

ऊन_सावली
२२ मे, रात्री ९:३०

आरी_रापी, काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि उत्तर लिहून तीनदा पुसलं.

तुम्ही म्हणता ते वाक्य मी लिहिताना गमतीचं म्हणूनच लिहिलं होतं. घरातलं बोलणं जसंच्या तसं दिलं की आपण प्रामाणिक, असं वाटत होतं. हात का धुतला हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. आज विचारलं. वाद नको म्हणून धुतला, दुसरं काही नाही. हे उत्तर मला आवडलेलं नाही.

आजोबांच्या पट्ट्यांबद्दल आईला फोन केला. ते पट्टे कोण करायचं? तिला नाव आठवलं नाही. म्हणाली, गावाबाहेरून एक म्हातारा यायचा, दारात बसायचा, त्याला वाटीत नव्हे, द्रोणात चहा दिला जायचा. मी त्या ओसरीवरच्या धुराचा, तेलाचा, पावसाचा वास सांगितला तुम्हाला. तो माणूस मला आठवत नाही.

तुम्हाला हा सेंट हुंगायचा असेल तर सांगा. कुपीत अजून दीड मिली आहे.

आरी_रापी
२३ मे, रात्री ११:१०

द्रोणाचं लिहिलंत ते बरं केलंत.

मला नको, पण वडिलांना हुंगवायचा आहे. ते ७९ चे आहेत, डोळे गेले, नाक शाबूत आहे. बाटली पाठवू नका, ब्लॉटर नावाची कागदाची पट्टी असते म्हणे, तिच्यावर लावून पाठवा. पत्ता निरोपात देतो.

फाया_कानात
२३ मे, रात्री ११:४०

पट्टी प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत, आणि ती फॉइलमध्ये. नाहीतर पोस्टमन घेऊन जाईल सगळा बँडिट.

ऊन_सावली
२७ डिसेंबर, रात्री ९:०५

धागा वर काढते आहे.

मधे आम्ही शमामा आणला, तो आता सासूबाईंचा झालाय, माझा नाही. कपाटात साड्यांच्या घडीत कापूस ठेवतात. मी हुंगायला गेले की कपाट लावतात.

आज सकाळी पारा ९ वर होता. अंबाझरीवर फिरायला जाताना स्वेटरच्या आत बँडिट लावला. सर, तुमचं बरोबर निघालं. हिरवं पाच मिनिटांत न उडता तळ्याची अर्धी फेरी टिकलं. लवंग आता स्वतंत्र कळते, मिरचीच्या पाठीमागे लपत नाही. विडीचा मागमूस नाही. चामडं आलं ते स्वेटरच्या गळ्यातून, ऊब लागल्यावर, सावकाश. घरी येऊन गरम तर्री पोह्याची प्लेट समोर ठेवली तेव्हा दोन्ही वासांचं भांडण झालं आणि तर्री जिंकली, ते ठीक आहे.

त्यानंतर सासूबाईंनी हात पुढे करायला सांगितला. पुन्हा हुंगल्या. म्हणाल्या, "हिंगच आहे." दुसरं काही बोलल्या नाहीत. सहा महिन्यांत आम्ही या विषयावर दोनदा भांडलो आहोत, ते इथे लिहीत नाही. हात मी धुतला नाही.

आरी_रापी, पट्टी मेमध्येच पोचली होती एवढं तुम्ही कळवलंत. नंतर काही नाही. विचारायला धीर होत नव्हता, आज विचारते. वडील काय म्हणाले?

आरी_रापी
२८ डिसेंबर, रात्री १०:२०

राहून गेलं ताई. पावसाळ्यात त्यांची तब्येत बिघडली होती, आता बरे आहेत.

पट्टी दिली तेव्हा सांगितलं काहीच नाही, नुसती हातात ठेवली. दोन बोटांत धरून नाकाजवळ नेली, मग लांब, मग परत जवळ. अंगठ्याने कागदाची जाडी बघितली, सवयीने. आपण कातडं बघतो तशी. बराच वेळ गेला. मग म्हणाले,

"याले बाभूळ नाही लागली."

मी म्हटलं, बाबा हे सेंट आहे, परदेशातलं, एका बाटलीला हजारो रुपये पडतात. तर म्हणाले, "असन. पन बाहेरचं कातडं हाय. धुरावर धरलेलं." बर्चचं डांबर, धूर, रशिया हे मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. नंतर विचारलं, अंगाले लावतेत? कोण? मी सांगितलं, बजाजनगरातल्या एक बाई लावतात. त्यावर हसले. मोठ्याने नाही, पण हसले. म्हणाले, "लावू दे."

पट्टी परत मागितली तर दिली नाही. उधारीची जुनी वही आहे त्यांची, तिच्यात ठेवली. निम्म्या नावांचे पैसे आलेच नाहीत कधी, तरी वही सांभाळून ठेवलीय. आता वही काढली की खोलीभर वास सुटतो आणि आई म्हणते, हे काय घाणेरडं ठेवलं घरात, देवाजवळ नका आणू.

इतवारीकर
२८ डिसेंबर, रात्री १०:२६

सासूबाई तिकडेही हायेतच म्हणा की.

आरी_रापी
२८ डिसेंबर, रात्री १०:३१

हाव. आणि तिचं नाकही जबर आहे. पट्टी आली त्या दिवशी दारातून आत पाय टाकल्या टाकल्या विचारलं होतं, हिंगाची पुडी फुटली का.